हिशेब पद्धतीचा नको, टेबलाचा मांडा

ब्लॅकजॅकमध्ये पत्ते मोजून कॅसिनोला हरवता येतं आणि मोजणीची पद्धत जितकी बारीक तितकी कमाई मोठी, हे मत पुण्यातल्या हुशार तरुणांमध्ये चांगलंच रुजलं आहे. खडकीतही ते ऐकू येतं. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, लष्कराच्या कार्यशाळा आणि तपासणी खाती यांच्या आधारानं हे गाव वाढलं. इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी मोजमापाच्या कामात जन्म घालवला आहे, त्यामुळे आकड्यांची भीती इथल्या मुलांना नाही. ती इंजिनिअर झाली, जोडून सुट्टी आली की गोव्याला जाऊ लागली, आणि आता ‘हाय-लो’ बरी की ‘ओमेगा टू’, एक्के वेगळे मोजायचे की नाही, यावर हिरिरीनं वाद घालू लागली. हाय-लो ही शिकाऊंची पद्धत, खरा खेळाडू त्याच्या पुढची वापरतो, असं त्यांना सांगितलं जातं आणि ती ते खरं मानतात.

या मताचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे करायला हवेत. पत्ते लक्षात ठेवून कॅसिनोवर सरशी मिळवता येते, हा पहिला भाग गणितानं साठ वर्षांपूर्वीच सिद्ध केला आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. पद्धत बारीक केली की कमाई मोठी होते, हा दुसरा भाग मात्र दिशाभूल करणारा आहे. पद्धतींमध्ये फरक आहे, पण तो किरकोळ आहे. टेबलाचे नियम काय, पत्ते किती खोलवर वाटले जातात आणि खेळणाऱ्याच्या गाठीला पैसे किती, या तीन गोष्टींपुढे तो हिशेबात धरण्याजोगाही राहत नाही. ज्या तुलनेत या तीन गोष्टींचा उल्लेख नाही, ती तुलना कुचकामी आहे.

आधी जे खरं आहे ते मान्य करू. मोजणी मराठी घराला नवी नाही. मेंढीकोट खेळताना चारही दश्श्या, म्हणजे मेंढ्या, कुठे आहेत याकडे सगळ्यांचा डोळा असतो. चौकटची मेंढी पडून गेली की हातातल्या चौकटच्या पानांचं मोल बदलतं, आणि हे ज्याच्या ध्यानात राहतं तो चांगला खेळतो. ब्लॅकजॅकचं तत्त्व हेच आहे. पडलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही, म्हणून उरलेल्या पत्त्यांची किंमत दर हाताला बदलते. उरलेल्या पत्त्यांत दश्श्या, चित्रं आणि एक्के जास्त असतील तर खेळणाऱ्याचं फावतं: पहिल्या दोनच पत्त्यांत एकवीस झाले तर त्याला पैजेच्या दीडपट मिळतात, आणि सोळावर अडकलेल्या डीलरला नियमानं आणखी एक पत्ता घ्यावाच लागतो, त्यात तो एकवीसच्या पुढे जाऊन फुटतो. खेळणाऱ्याला मात्र थांबायची मुभा असते. बारीक पत्ते जास्त उरले असतील तर हे सगळं उलटं होतं.

याचं गणित जिथे पहिल्यांदा मांडलं गेलं ती जागा खडकीकरांना परकी वाटू नये. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात ॲबर्डीन नावाचं लष्कराचं शस्त्रचाचणी केंद्र आहे. तिथे नोकरीला असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मैझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी मेजावरच्या गणकयंत्रांवर बोटं झिजवून ब्लॅकजॅकची सर्वोत्तम खेळी काढली आणि १९५६ साली अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात छापली. प्रत्येक हाताला योग्य निर्णय घेतला तर कॅसिनोची सरशी एका टक्क्याच्याही आत येते, हे त्यातून कळलं. एडवर्ड थॉर्प यांनी हा धागा उचलला, एमआयटीतल्या आयबीएम ७०४ संगणकावर गणित पुढे नेलं आणि १९६२ मध्ये ‘बीट द डीलर’ हे पुस्तक काढलं. एका कॅटमधून एक पंजी निघून गेली की खेळणाऱ्याची बाजू सुमारे दोन-तृतीयांश टक्क्यानं सुधारते, आणि एक्का निघून गेला की अर्ध्या टक्क्याहून अधिक ढासळते, असे ठोस आकडे या अभ्यासातून पुढे आले. मोजणीची प्रत्येक पद्धत म्हणजे या आकड्यांचं लक्षात ठेवता येईल असं केलेलं ढोबळ रूप.

सर्वांत प्रचलित रूप म्हणजे हाय-लो. हार्वी डबनर यांनी ते १९६३ मध्ये मांडलं, आयबीएमच्या ज्युलियन ब्राऊन यांनी त्याचं गणित पक्कं केलं, आणि १९६६ च्या सुधारित आवृत्तीत थॉर्प यांनी ते घेतलं. दुर्रीपासून छक्कीपर्यंत प्रत्येक पत्त्याला अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांना शून्य. दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांना वजा एक. टेबलावर छक्की, राजा, पंजी, दुर्री, गुलाम, नव्वी, तिर्री, सत्ती, पंजी असे नऊ पत्ते पडले तर मनातली बेरीज होते अधिक तीन. सहा कॅटचा खेळ असेल तर एवढ्यानं काही बिघडत नाही, कारण अजून जवळजवळ सगळे पत्ते उरलेले आहेत. म्हणून बेरजेला उरलेल्या कॅटच्या संख्येनं भागायचं. बेरीज अधिक सहा आणि चार कॅट उरले असतील तर खरी मोजणी दीड. तीच बेरीज असताना दोनच कॅट उरले असतील तर तीन. खरी मोजणी एकानं वाढली की खेळणाऱ्याची बाजू साधारण अर्ध्या टक्क्यानं सुधारते. चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनोची मूळ सरशीच अर्धा टक्का असते. म्हणजे अधिक एकला बरोबरी, अधिक दोनला अर्धा टक्का आपल्या बाजूनं, अधिक तीनला एक टक्का. बहुतेक वेळ टेबल कॅसिनोच्याच बाजूनं झुकलेलं असतं. जो थोडा वेळ ते आपल्याकडे झुकतं तेवढ्यात मोठी पैज लावायची, एवढीच ही विद्या.

आता ‘प्रगत’ पद्धतींकडे येऊ. हाय-ऑप्ट टू आणि ओमेगा टू यांत काही पत्त्यांना एक गुण, काहींना दोन. चार आणि पाच यांना अधिक दोन, दश्शीला आणि चित्रांना वजा दोन, एक्क्याला शून्य. स्टॅनफर्ड वाँग यांच्या ‘हाव्ज’मध्ये तर अर्धे गुण आहेत: पंजीला दीड, दुर्री आणि सत्तीला अर्धा, नव्वीला वजा अर्धा. पीटर ग्रिफिन या गणितज्ञानं १९७९ च्या पुस्तकात अशा पद्धती तोलायची रीत घालून दिली. पैज कधी वाढवायची हे पद्धत किती अचूक सांगते, हातातला निर्णय कधी बदलायचा हे किती सांगते, आणि डीलरला एक्का आल्यावर विमा (त्याचा झाकलेला पत्ता दश्शी-चित्र निघेल यावरची वेगळी पैज) घ्यावा की नाही हे किती सांगते, अशी तीन मापं. पूर्ण अचूकतेला एक धरलं तर पैजेच्या मापात हाय-लोचा आकडा ०.९७ आहे. हाव्जचा ०.९९. ओमेगा टूचा ०.९२ आणि हाय-ऑप्ट टूचा ०.९१.

हे आकडे नीट वाचायला हवेत. पैज लावण्याच्या बाबतीत ‘शिकाऊंची’ म्हणून हिणवलेली हाय-लो त्या दोन्ही प्रगत पद्धतींच्या पुढे आहे. कारण उघड आहे: एक्का हा पैजेसाठी सर्वांत मोलाचा पत्ता, आणि त्या पद्धती त्याला शून्य देतात. मग त्या शून्य का देतात? कारण हातातल्या निर्णयांसाठी आणि विम्यासाठी एक्का दश्शीसारखा वागत नाही. विम्याला पैजेच्या दुप्पट मिळतात, म्हणून उरलेल्या पत्त्यांत दश्शी-चित्रं एक-तृतीयांशाहून जास्त असतील तरच तो घेण्यात अर्थ असतो. सहा कॅटच्या ३१२ पत्त्यांत ती ९६ असतात, म्हणजे एक-तृतीयांशाला कमीच. या प्रश्नात एक्का हा फक्त ‘दश्शी नसलेला’ पत्ता आहे, पण हाय-लो त्याला दश्शीच्याच ओळीत बसवते. म्हणून विम्याच्या मापात हाय-लो ०.७६ वर अडते आणि हाय-ऑप्ट टू ०.९१ वर जाते. निर्णयांच्या मापात हाय-लो ०.५१, तर हाय-ऑप्ट टू आणि ओमेगा टू दोन्ही ०.६७. एकच संख्या डोक्यात ठेवायची असेल तर पैजेला हवा तो एक्का आणि निर्णयाला हवा तो एक्का एकाच वेळी मिळत नाही. एका मापात कमावलं की दुसऱ्यात गमवावं लागतं. ही अडचण सोडवायला प्रगत मंडळी एक्क्यांची वेगळी मोजणी जोडतात. म्हणजे डोक्यात आता दोन हिशेब.

इथे प्रगत पद्धतीचा कैवार घेणारा म्हणेल की दोन्ही हिशेब नीट ठेवले तर तीनही मापांत फायदा होतो. होतो. पण कोणत्या टेबलावर? निर्णय बदलण्यातून होणारा फायदा एका कॅटच्या खेळात मोठा असतो, कारण तिथे थोड्याच पत्त्यांनी उरलेल्या कॅटचं रूप पालटतं. सहा-आठ कॅटच्या खेळात फायदा मुख्यतः पैज कमी-जास्त करण्यातून येतो, आणि त्या मापात हाय-लो आधीच ०.९७ वर आहे. डॉन श्लेसिंगर यांनी याच अनुषंगानं दाखवून दिलं की शेकडो निर्णय-बदल पाठ करायची गरज नाही. मोजके अठरा पाठ असले की त्यातला बहुतांश फायदा हाती येतो. या अठरांत पहिला क्रमांक विम्याचाच आहे, आणि हाय-लोनं खरी मोजणी अधिक तीन झाली की तो घ्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

दुसरा मुद्दा चुकांचा. कागदावरचे आकडे न चुकणाऱ्या यंत्राचे असतात. टेबलावर माणूस बसलेला असतो. पहाटे दोन वाजता, गाण्यांच्या आवाजात, शेजाऱ्याच्या गप्पांना हो-ला-हो करत त्याला दोन-दोन गुणांची बेरीज चालवायची, एक्के वेगळे मोजायचे, टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगाकडे पाहून किती कॅट उरले याचा अंदाज घ्यायचा, भागाकार करायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. दोन कॅट उरले असताना बेरजेत चारची चूक झाली तर खरी मोजणी दोननं चुकते. प्रत्यक्षात शून्यावर असलेलं टेबल अधिक दोनवर आहे असं वाटतं, आणि कॅसिनोची सरशी चालू असतानाच आपण आठपट पैज लावून बसतो. अशा चार-दोन चुका झाल्या की बारीक पद्धतीनं कागदावर मिळवलेलं सगळं परत जातं. या क्षेत्रातल्या जाणत्यांना हे कळलं होतं. आर्नल्ड स्नायडर यांनी १९८३ मध्ये ‘रेड सेव्हन’ आणली आणि पुढे व्हँक्युरा आणि फुक्स यांनी ‘नॉक-आउट’ आणली, त्या दोन्ही पद्धतींचा उद्देश भागाकारच काढून टाकण्याचा होता. ज्यांनी आयुष्य या गणितात घालवलं ते सोपेपणाकडे वळले. आपल्याकडे त्याच वेळी अवघडपणाला प्रतिष्ठा द्यायची, हे उलटं चाललं आहे.

आणि आता तो मुद्दा, ज्याच्याविषयी ही चर्चा सर्वांत गप्प असते: टेबल. बऱ्याच टेबलांवर दोन पत्त्यांच्या एकवीसला पैजेच्या दीडपट मिळतात, काहींवर फक्त १.२ पट. हजाराच्या पैजेवर हा फरक ३०० रुपयांचा. असा हात साधारण एकवीस हातांत एकदा येतो. म्हणजे दर हजारामागे सुमारे चौदा रुपये, जवळजवळ १.४ टक्के, नियमाच्या एका ओळीनं खिशातून गेले. हाय-लो आणि ओमेगा टू यांच्यातला सगळा फरक गोळा केला तरी तो या ओळीच्या जवळपासही पोचत नाही. दुसरी गोष्ट कापण्याची, म्हणजे किती पत्ते वाटून झाल्यावर पुन्हा पिसतात याची. सहा कॅटपैकी साडेचार वाटून मग पत्ते पिसले तर मोजणीला वाव असतो. तीनच वाटून पिसले तर नफ्याचा मोठा भाग तिथेच संपतो, कारण मोजणीला अर्थ येतो तो शेवटच्या पत्त्यांत. तिसरी गोष्ट पिसणाऱ्या यंत्राची. टाकलेले पत्ते दर हातानंतर परत यंत्रात जाऊन पिसले जात असतील तर मोजायला काही उरतच नाही. अशा टेबलावर ओमेगा टू, हाव्ज, हाय-लो आणि काहीच न मोजणं यांची किंमत सारखीच. मोबाइलवरच्या खेळात सॉफ्टवेअर दर हाताला नवा कॅट घेत असेल तर तिथेही तेच. म्हणून पद्धत निवडण्याआधी टेबलाला तीन प्रश्न विचारायला हवेत: दीडपट देता का, किती खोल वाटता, यंत्रानं पिसता का? यांतलं एकही उत्तर विरोधात गेलं तर उठून जावं. तो उठून जाण्याचा निर्णय कोणत्याही बारीक मोजणीपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

आता रुपयांत बोलू. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरच्या खेळांना वाट करून दिली गेली. म्हणून पुण्याचा माणूस टेबलावर खेळायला पणजीच्या मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर जातो. त्याला मनाजोगतं टेबल मिळालं असं गृहीत धरू. किमान पैज हजार रुपये, अनुकूल वेळी आठ हजारांपर्यंत. मोजणी बिनचूक. अशा टेबलावर शंभर हातांमागे एक किमान पैज, म्हणजे हजार रुपये, एवढी सरासरी कमाई धरणं वाजवी आहे. त्याच शंभर हातांतला चढ-उतार मात्र तीस पैजांचा, म्हणजे तीस हजारांचा असतो. शनिवार-रविवार मिळून दहा तास बसलं आणि तासाला साठ हात झाले तर सहाशे हात. अपेक्षित कमाई सहा हजार. चढ-उतार सुमारे त्र्याहत्तर हजार. शंभरातल्या सत्तेचाळीस वेळा तो माणूस हरूनच परतेल, तेही सगळं अचूक करून.

आता प्रगत पद्धत आणू. तिनं कमाई दहा टक्के वाढवली असं उदार मनानं मानू. सहा हजारांचे सहा हजार सहाशे झाले. महिनोन्‌महिने पाठांतर करून, दोन-दोन हिशेब डोक्यात ठेवून, चूक होऊ न देता मिळालेले सहाशे रुपये. त्याच दोन रात्रींचं जहाजावरचं प्रवेशशुल्क, पुण्याहून जाण्या-येण्याचा खर्च आणि राहणं मांडलं की ते सहाशेच काय, सहा हजारही उरत नाहीत. खेळणारा गणिताच्या बाजूनं जिंकतो आणि खिशाच्या बाजूनं हरतो. याला उपाय मोठी पैज लावण्याचा, असं कुणी म्हणेल. मग गाठीचा हिशेब बघा. याच आकड्यांनी, पैजा न बदलता खेळत राहिलं, तर एक लाख घेऊन बसणाऱ्या दहा जणांपैकी आठांचे पैसे कधी ना कधी पूर्ण बुडतात. तीन लाख असतील तर निम्म्यांचे. नऊ लाख असले तरी सात-आठ जणांत एकाचे. आणि पैज दुप्पट केली की हे सगळे आकडे दुप्पट गाठीला लागू होतात. लाखभर घेऊन गेलेल्या तरुणाला ‘कोणती पद्धत चांगली’ याचं उत्तर देणं म्हणजे त्याला खऱ्या प्रश्नापासून दूर नेणं आहे.

यावर थॉर्पचं आणि एमआयटीच्या मुलांचं उदाहरण पुढे केलं जातं. ते देणाऱ्यांच्याच विरोधात जाणारं उदाहरण आहे. एमआयटीच्या चमूंनी अनेकांचे पैसे एकत्र करून मोठी गंगाजळी उभी केली, त्यामुळे एकाचा चढ-उतार सर्वांत वाटला गेला. काही जण लहान पैजा लावत नुसते मोजत बसायचे आणि टेबल अनुकूल झालं की मोठ्या पैजांचा साथीदार येऊन बसायचा. आत येणाऱ्या प्रत्येकाची मोजणी तपासून घेतली जायची. आणि त्यांची मुख्य पद्धत होती हाय-लो. जगातल्या सर्वांत गाजलेल्या चमूनं आपली ताकद शिस्तीत, भांडवलात आणि टेबल निवडण्यात लावली, गुणांच्या बारकाईत नाही. थॉर्प यांनी तर जे ब्लॅकजॅकमध्ये सिद्ध केलं ते शेअर बाजारात नेलं आणि पुढची कमाई तिथे केली. टेबलाचा मालक नियम बदलू शकतो, हे त्यांनी लवकर ओळखलं होतं. १९६४ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोंनी मोजणीच्या धास्तीनं खेळाचे नियम कडक केले होते. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा काही आठवड्यांतच ते मागे घेतले. मोजणाऱ्याचं नशीब असं मालकाच्या मर्जीवर टांगलेलं असतं. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये पत्ते मोजणारे केन अस्टन यांच्या खटल्यात कॅसिनोला स्वतःहून मोजणाऱ्याला हाकलता येणार नाही असं सांगितलं, पण नेवाडात त्याला उठवता येतं. गोव्याचं टेबल आपल्याला न्यू जर्सीचा न्याय देईल असं मानून पैसे लावायचे का?

आणखी एक युक्तिवाद कौशल्याचा आहे: हे डोक्याचं काम आहे, म्हणून हा जुगार नाही आणि कायदाही आमच्या बाजूनं आहे. इथे नीट वाचायला हवं. महाराष्ट्रात आजही १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यातून सूट आहे. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, आणि त्यामागचं एक कारण पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात हे होतं. मोजणाऱ्याला हे वाक्य गोड वाटणं साहजिक आहे. पण रमीत प्रत्येक खेळणारा प्रत्येक पान टाकताना कौशल्य वापरतो. ब्लॅकजॅकमध्ये न मोजणारा सगळा जनसमुदाय सरासरीनं हरतो आणि मोजणारा एका टक्क्याच्या आसपास सरशी मिळवतो, तीही मालकानं खोल वाटलं तर. महाराष्ट्रानं १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचा निर्णय घेतला. ऑनलाइन पैशांचे खेळ तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कौशल्य की नशीब हा भेद न करता बंद केले. आपल्या मोजणीच्या भरवशावर कायद्याशी वाद घालायची जागा इथे राहिलेली नाही.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं, कारण त्यांच्यामुळेच तरुण या बाजूला जास्त ढकलले जातात. पत्ते मोजणं म्हणजे लबाडी, सगळं नशिबाचं, असं वडीलधारे म्हणतात. हे दोन्ही खोटं आहे. मोजणारा पत्त्याला हात लावत नाही, खूण करत नाही, डीलरशी संगनमत करत नाही. सगळ्यांना दिसलेलं तो फक्त लक्षात ठेवतो. त्याला लबाड म्हणणं म्हणजे विचार करण्याला लबाडी म्हणणं. आणि नशीबच असतं तर ॲबर्डीनच्या चौघांचं गणित आजवर टिकलं नसतं. मुलांना हे गणित शिकू द्यावं, घरच्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या लावून शिकू द्यावं. संभाव्यता, सरासरी आणि चढ-उतार यांतला फरक, भांडवल आणि जोखीम, हे इतक्या ठसठशीतपणे शिकवणारं दुसरं काही सहज सापडत नाही.

महाभारताच्या वनपर्वातला नल हे शिकण्याची रीत दाखवतो. पुष्कराशी द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक होऊन राजा ऋतुपर्णाचा रथ हाकत होता. बेहड्याच्या झाडावर किती पानं, किती फळं हे ऋतुपर्णानं धावत्या रथातून सांगितलं. नलानं त्याच्या शब्दावर विश्वास टाकला नाही. रथ थांबवला, झाड पाडून फळं मोजली आणि मगच ती विद्या घेतली. पुष्कराशी तो पुन्हा खेळला तो त्यानंतर.

प्रगत पद्धतीचा आग्रह धरणाऱ्यांकडे माझी मागणी तीच आहे. ‘ही पद्धत त्या पद्धतीपेक्षा चांगली’ असं म्हणण्याआधी टेबलावर किती कॅट आहेत, एकवीसला किती देतात, कुठे कापतात आणि कोण पिसतं हे सांगा. तासाला किती कमाई अपेक्षित आहे आणि चढ-उतार किती हे रुपयांत सांगा. प्रवासखर्च वजा करा. किती गाठीला बुडण्याची शक्यता किती, हे शेवटच्या ओळीत लिहा. स्वतःची मोजणी घड्याळ लावून, आवाजात, दमलेलं असताना तपासा आणि त्यात किती चुका झाल्या तेही मांडा. एवढं करूनही दोन पद्धतींत फरक उरला तर मी तो आनंदानं मान्य करीन. एवढं न करता नुसती ०.९१ आणि ०.९७ ची यादी पुढे करून खडकीच्या, पुण्याच्या मुलांना गोव्याच्या बसमध्ये बसवणाऱ्यांनी गणिताचं नाव घेऊ नये. गणितानं आपलं उत्तर दिलेलं आहे, आणि लाखभर रुपये खिशात असलेल्या माणसासाठी ते उत्तर ‘बसू नकोस’ असं आहे.